रूळ पोचले, माणूस पोचला का?

31 मार्च 1964च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम धावली. ती संथ होती, पण तिच्यात रस्त्यातूनच चढता यायचे, जिना लागत नसे. पुढे परळ-लालबागच्या गिरण्या गेल्या आणि त्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले. तिथे येणारा नोकरदार मात्र जुन्याच अरुंद पुलांवरून उतरत राहिला. 29 सप्टेंबर 2017ला परळलगतच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. नुसत्या गाड्या असून उपयोग नव्हता. अपुरी होती ती फलाटापासून रस्त्यापर्यंतची वाट. नकाशावर रेघ ओढणे सोपे, तिचे टोक माणसाच्या पायाशी आणणे अवघड. चेंबूरहून संत गाडगे महाराज चौकापर्यंतची मोनोरेल याच परीक्षेत नापास झाली. ती लोअर परळवरून जाई, पण लोकलशी तिचे धड नाते जुळलेच नाही. सप्टेंबर 2025मध्ये सुधारणांसाठी ती थांबवावी लागली.

त्यानंतरच्याच महिन्यात भुयारी मेट्रो-3 कफ परेडपर्यंत पूर्ण झाली: 33.5 किलोमीटर, 27 स्थानके. एवढ्या खर्चात बसच वाढवायच्या होत्या, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा निम्मा खरा आहे. गिरगाव-काळबादेवीच्या गल्ल्यांत बस अडकतेच, तिथे भुयाराला पर्याय नव्हता. पण परळ-लालबागला या मार्गावर स्थानक नाही. तिथल्या माणसाला मेट्रोपर्यंत नेणारी बस आणि चालण्याजोगा पदपथ हवा. त्यासाठी बेस्टच्या बसचा ताफा आधी वाढवा.