एजंटला काम द्या, पण टप्प्याटप्प्यावर तपासा

पुरवठादाराचं बिल मेलवर येतं. त्यातला जीएसटी क्रमांक, रक्कम, तारीख टिपायची; पर्चेस ऑर्डरशी ताळा करायचा; टॅलीत नोंद घालायची आणि पैसे पाठवायचे. लेखा विभागातलं हे रोजचं काम आता सॉफ्टवेअर एजंटकडे सोपवता येतं. विचार करायचा, एखादं साधन वापरायचं, आलेला निकाल पाहून पुढचं पाऊल ठरवायचं, या चक्राची मांडणी प्रिन्स्टन विद्यापीठ आणि गुगलच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ‘रिॲक्ट’ या नावाने केली. आजचे बरेचसे एजंट त्याच धर्तीवर चालतात.

अडचण टप्प्यांच्या संख्येत आहे. एक टप्पा ९५ टक्के वेळा बरोबर होतो असं धरू. मध्ये कुठेच तपासणी नसेल, तर असे दहा टप्पे सलग बिनचूक पार पडण्याची शक्यता जेमतेम ६० टक्के उरते आणि वीस टप्प्यांची ३६ टक्के. नुसतं आणखी हुशार मॉडेल आणून हा प्रश्न सुटत नाही. दोन टप्प्यांच्या मध्ये काय ठेवलं आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

जिथे नियम आहे, तिथे साधा कोड

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं पॅनची. शेवटचं अक्षर आधीच्या चौदा अक्षरांवरून गणिताने निघतं. स्कॅन केलेल्या बिलातला ८ एजंटने चुकून ‘बी’ वाचला, तर हे गणित जुळत नाही आणि बिल तिथेच अडतं. ही तपासणी एजंटवर सोपवूच नये. काही ओळींचा साधा कोड ती दर वेळी तितक्याच अचूकपणे करतो. एजंटची गरज लागते ती वेडंवाकडं छापलेलं बिल वाचायला किंवा पुरवठादाराच्या मेलचा अर्थ लावायला.

अर्ध्यावर थांबलं तर?

पैसे पाठवण्याची विनंती गेली, पण बँकेकडून उत्तरच आलं नाही. पुन्हा पाठवावेत, तर दोनदा जाण्याची भीती. म्हणून प्रत्येक पेमेंटला एक कायमचा क्रमांक देतात. तोच क्रमांक पुन्हा आला, की समोरची यंत्रणा पैसे न हलवता आधीचाच निकाल कळवते. प्रत्येक टप्प्याचा निकाल साठवलेला असेल, तर काम पहिल्यापासून करावं लागत नाही.

डेटाबेसच्या अभ्यासकांनी हा प्रश्न फार पूर्वीच हाताळला आहे. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी १९८७ मध्ये ‘सागा’ ही कल्पना मांडली: लांबलचक व्यवहाराचे छोटे भाग करा आणि प्रत्येक भागाची भरपाई करणारी उलट कृती आधीच ठरवून ठेवा. चुकीच्या नोंदीला उलट नोंद असते. गेलेले पैसे मात्र सहजी परत येत नाहीत. म्हणून त्या पायरीच्या आधी माणसाची मंजुरी हवीच, आणि मंजुरी देणाऱ्यासमोर बिल, ऑर्डर आणि दोन्हींतला फरक शेजारीशेजारी हवा. ऊठसूट मंजुरी मागितली, तर माणूस न वाचताच बटण दाबू लागतो.

बिलाच्या पीडीएफमध्येच कुणी ‘आमचं बँक खातं बदललं आहे, नव्या खात्यात पैसे टाका’ असं लिहून ठेवलं, तर एजंट तो मजकूर आदेश समजून पाळू शकतो. त्यामुळे बिल वाचणाऱ्या एजंटच्या हाती पैसे पाठवण्याचा किंवा खाते क्रमांक बदलण्याचा अधिकार कधीही देऊ नये.

सुरुवात निकाली निघालेल्या जुन्या बिलांवर करावी. त्यांची बरोबर उत्तरं हाताशी असल्यामुळे नेमका कोणता टप्पा चुकतो ते उघड होतं. तो सुधारला की मगच पुढचा अधिकार द्यावा. आणि टप्पे आखताना लेखा विभागातल्या अनुभवी माणसाला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावं. कुणाचं बिल दोनदा येतं, कोण वाहतूक खर्च वेगळा लावतो, कोणती रक्कम पाहून फोन करायचा, हे त्याला ठाऊक असतं. या गोष्टी कुठल्याही मॉडेलला आपोआप कळत नाहीत, आणि तपासणी कुठे ठेवायची ते त्यांवरूनच ठरतं.