एज आणि फॉग संगणन

परस्परांशी जोडलेल्या उपकरणांकडून मिळणारी माहिती दूरच्या मध्यवर्ती संगणक-केंद्राकडे जशीच्या तशी न पाठविता, ती जेथे निर्माण होते तेथेच किंवा त्याच्या जवळपास तिच्यावर प्रक्रिया करण्याची पद्धत. प्रक्रिया प्रत्यक्ष उपकरणात किंवा त्याला लागून असलेल्या संगणकात होत असल्यास तिला एज म्हणजे काठावरचे संगणन म्हणतात. उपकरण व मध्यवर्ती केंद्र यांच्या दरम्यानच्या टप्प्यांवर ती विभागलेली असल्यास तिला फॉग संगणन म्हणतात. फॉग म्हणजे धुके. ढग जमिनीलगत उतरला की त्याला धुके म्हणतात; त्याचप्रमाणे क्लाउड (मेघ) संगणन वापरणाऱ्याच्या जवळ आणले, अशी या नावामागील कल्पना आहे. दोन्ही संज्ञांच्या सीमा काटेकोर नाहीत व व्यवहारात त्या पुष्कळदा एकाच अर्थी योजिल्या जातात.

इतिहास : संगणनात केंद्रीकरण व विकेंद्रीकरण या प्रवृत्ती आळीपाळीने प्रबळ झालेल्या दिसतात. १९६० नंतरच्या दशकात एका मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनले जोडलेली असत. १९८० नंतर वैयक्तिक संगणकामुळे संगणनशक्ती टेबलावर आली. ॲमेझॉन कंपनीने २००६ मध्ये संगणनक्षमता भाड्याने देण्यास प्रारंभ केल्यावर ती पुन्हा मोठ्या केंद्रांत एकवटू लागली. तथापि संकेतस्थळांवरील मजकूर व चित्रे वाचकाजवळच्या सर्व्हरवर साठवून ठेवण्याची सेवा १९९८ मध्ये स्थापन झालेल्या अकामाई या कंपनीने त्यापूर्वीच सुरू केली होती. ते एज संगणनाचे पूर्वरूप मानले जाते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील महादेव सत्यनारायणन व त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये ‘क्लाउडलेट’ म्हणजे छोट्या स्थानिक मेघाची कल्पना मांडली. सिस्को कंपनीतील फ्लाव्हिओ बोनोमी व सहकारी यांच्या २०१२ मधील निबंधाने फॉग संगणन ही संज्ञा रूढ केली. ओपनफॉग या संघटनेची स्थापना २०१५ मध्ये झाली. तिने तयार केलेला संदर्भ-आराखडा २०१८ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मानक म्हणून स्वीकारला.

आवश्यकता : या पद्धतीची गरज मुख्यतः चार कारणांनी भासते. पहिले कारण विलंब हे होय. प्रकाशीय तंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किमी. वेगाने जातो. म्हणजे १,००० किमी. अंतरावरील केंद्राकडे जाऊन परत येण्यास केवळ प्रवासापोटी सु. १० मिलिसेकंद लागतात. वाटेतील यंत्रांचा विलंब यात धरलेला नाही. कारखान्यातील यंत्र थांबविणे किंवा विद्युत् मंडल तोडणे अशा कामांत निर्णय जागेवरच व्हावा लागतो. दुसरे कारण वाहिनीची मर्यादित क्षमता हे होय. जमिनीतील ओल मोजणारा संवेदक दर दहा मिनिटांनी २० बाइट माहिती पाठवीत असेल, तर दिवसाला ती तीन हजार बाइटांहूनही कमी भरते. परंतु सेकंदाला २० लाख बिट निर्माण करणारा एक कॅमेरा दिवसाला २१ अब्ज बाइटांहून अधिक माहिती तयार करतो. यातील बहुतेक चित्रांत नवे काहीच नसते; ती गाळून केवळ बदल तेवढा पुढे पाठविणे श्रेयस्कर ठरते. जोडणी तुटली तरी काम चालू राहणे हे तिसरे आणि खाजगी माहिती शक्यतो घराबाहेर वा रुग्णालयाबाहेर न जाणे हे चौथे कारण होय.

रचना : या व्यवस्थेत सामान्यतः तीन स्तर असतात. सर्वांत खाली संवेदक, मापक, कॅमेरे व पंपाचे नियंत्रक ही उपकरणे असतात. मधल्या स्तरावर गेटवे हा छोटा संगणक असतो. तो अनेक उपकरणांकडील नोंदी गोळा करतो, सदोष नोंदी वगळतो, सरासरी काढतो व ठरावीक मर्यादा ओलांडली गेल्यास तत्काळ आज्ञा देतो. वरच्या स्तरावर क्लाउड केंद्र असते. दीर्घकालीन साठवण, अनेक ठिकाणच्या माहितीची तुलना व नव्या नियमांची निर्मिती ही कामे तेथे होतात. तयार झालेले नियम खाली गेटवेकडे पाठविले जातात. उपकरण व गेटवे यांतील अंतर मोठे असल्यास लोरा यासारखी अल्पशक्तीची रेडिओ पद्धती वापरतात. भारतात तीसाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ हा परवानामुक्त पट्टा उपलब्ध आहे.

ग्रामीण महाराष्ट्रातील संदर्भ : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड हा तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. अशा भागात पाऊस एका गावी पडतो व शेजारच्या गावी पडत नाही. म्हणून मोजणी जागेवरच होणे अगत्याचे असते. राज्य शासनाच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळ हा घटक धरून राज्यभर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. तापमान, पाऊस, आर्द्रता व वारा यांच्या त्यांतील नोंदी मध्यवर्ती ठिकाणी संकलित होतात. हवामानावर आधारित पीक विम्यात नुकसानभरपाई अशाच नोंदींवरून ठरते. त्यामुळे वादळी रात्री दूरसंचार जोडणी तुटून नोंदींत खंड पडला, तर तो केवळ तांत्रिक दोष राहत नाही. शेतकऱ्याच्या हक्काचा पुरावाच नाहीसा होतो. केंद्राजवळील संगणकाने नोंदी वेळेसह साठवून जोडणी येताच पुढे पाठविल्यास हा धोका टळतो.

मायक्रोसॉफ्टच्या फार्मबीट्स या संशोधन-प्रकल्पात (निबंध २०१७) शेतावरच एक संगणक ठेवून ड्रोनने टिपलेल्या चित्रांवर तेथेच प्रक्रिया केली गेली व इंटरनेट बंद असतानाही व्यवस्था चालू राहील अशी रचना केली गेली. याउलट बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने त्याच कंपनीच्या सहकार्याने केलेल्या उसाच्या प्रयोगात शेतातील संवेदक, हवामान केंद्र व उपग्रहचित्रे यांची माहिती क्लाउडमध्ये एकत्र करून शेतकऱ्याला मोबाइलवर सल्ला देण्यात आला. पहिल्यात निर्णयाचा भार काठावर, तर दुसऱ्यात केंद्रावर अधिक आहे.

कामाच्या अशा विभागणीचे तत्त्व संगणकापुरतेच मर्यादित नाही. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघांना १९७९ चा मॅगसायसाय पुरस्कार मिळाला. या प्रकल्पात गावातील आरोग्य सेविका, मधले फिरते पथक व जामखेडचे रुग्णालय असे तीन स्तर होते. सेविकांपैकी अनेक निरक्षर होत्या. पण किरकोळ आजारांवर उपचार, बाळंतपण व धोक्याची लक्षणे ओळखणे ही कामे त्या गावातच करीत. जे त्यांच्या आवाक्याबाहेरचे तेवढेच वर पाठविले जाई व केंद्रातील प्रशिक्षणातून नवे ज्ञान खाली येई. हे संगणन नव्हे. परंतु कोणता निर्णय कोठे व्हावा, हा एज व फॉग संगणनातील मध्यवर्ती प्रश्न त्यावरून स्पष्ट होतो. खालच्या स्तराला स्वतःची मर्यादा ओळखता येणे, ही दोहोंतही यशाची अट आहे.

मर्यादा : केंद्रातील हजारो सर्व्हर एका कुंपणाआड राखता येतात; शेतात, खांबांवर व घरांत विखुरलेले गेटवे तसे राखता येत नाहीत. ऊन, धूळ, विजेचा लपंडाव व चोरी यांचा त्यांना उपद्रव होतो. प्रत्येकातील प्रणाली वेळोवेळी अद्ययावत न केल्यास परक्यास शिरकाव करणे सोपे जाते. निरनिराळ्या उत्पादकांची उपकरणे परस्परांशी जुळतीलच असे नाही. माहिती जवळ राहिली म्हणजे ती आपोआप सुरक्षित होते, हा समजही बरोबर नाही. तिचा उपयोग कोणी व कशासाठी करावयाचा हे कायद्यानेच ठरवावे लागते. भारतात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. जमीन व पाऊस यांच्या नोंदींवर मात्र मालकी शेतकऱ्याची, उपकरण-विक्रेत्याची की सल्ला देणाऱ्या संस्थेची, हे बहुधा करारातील शर्तींवर अवलंबून राहते. म्हणून प्रक्रिया कोठे होते याइतकेच, काठावरच्या माणसाला तिचे फलित पाहता व तपासता येते की नाही, यालाही महत्त्व आहे.