धाप आणि मांडीचे बळ

श्वसनमार्गाच्या दीर्घकालीन अवरोधाने, म्हणजे ‘सी.ओ.पी.डी.’ने, आजारी असलेल्या माणसाला पाखाडी चढताना धाप लागली की घरच्यांचे लक्ष साहजिकच छातीकडे जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा तो अर्ध्या वाटेत थांबतो तो पाय भरून आल्यामुळे. फुप्फुसांच्या या विकारात मांडीचे स्नायूही झिजतात. ही गोष्ट नातेवाइकांच्या कानी सहसा पडत नाही, म्हणून या अहवालाची थोडी जागा तिच्यासाठी घेत आहोत.

हा विकार केवळ विडी ओढणाऱ्यांचा नव्हे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासमवेत २००९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांमधील या रोगाचा आढावा घेतला. त्यात लाकूड व शेणींच्या धुराला मोठे स्थान आहे. गुहागरकडे स्वयंपाकाला गॅस आला, तरी न्हाणीच्या चुलीत झावळ्या, सोडणे आणि करवंट्या अनेक घरी अजून जळतात.

श्वासनलिका अरुंद झाल्या की आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. फुप्फुसे फुगलेली राहतात, त्यांच्या खालचे घुमटाकार श्वासपटल सपाट होते आणि त्याची ओढ कमी पडते. दम लागतो म्हणून रुग्ण हालचाल टाळतो, त्यामुळे मांड्या बारीक होतात. दुबळ्या स्नायूत थोड्या श्रमानेही आम्ल साचते व ते बाहेर टाकण्यासाठी श्वास आणखी वाढतो. ‘‘बाबा, तुम्ही बसा, पाणी मी आणते,’’ या मायेच्या बोलण्यानेही रुग्णाचे बळ कळत-नकळत घटत जाते. जेवतानाही धाप लागते म्हणून दोन घास कमी होतात. वरचेवर घ्याव्या लागणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या स्नायूंना आणखी क्षीण करतात.

इनहेलर नलिका रुंद करतो, तो अवश्य घ्यावा. पण मांडीला बळ देणे त्याचे काम नव्हे. त्यासाठी देखरेखीखालचा व्यायाम हवा. २०१५ सालच्या ‘कॉक्रेन’ आढाव्यात ६५ चाचण्यांतील ३,८२२ रुग्णांचा विचार झाला. व्यायामाने धाप कमी झाली, चालण्याची क्षमता व जीवनमान सुधारले. झिजलेली फुप्फुसे मात्र पूर्ववत होत नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

देणगी म्हटली की दात्याच्या डोळ्यांपुढे यंत्र उभे राहते. येथे लागते ती ३० मीटरची सपाट मार्गिका, भक्कम खुर्ची, वाळूच्या पिशव्या, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि शिकवणारा फिजिओथेरपिस्ट. आठवड्यातून दोन-तीनदा, सहा ते आठ आठवडे यावे लागते. वेळणेश्वर वा हेदवीच्या वृद्धाला अडवतो तो एस.टी.चा प्रवास. त्या भाड्याची सोय करणारी देणगी आमच्या मते यंत्राइतकीच मोलाची आहे.

घरी करण्याजोगेही पुष्कळ आहे. डॉक्टरांकडून तपासून घेतल्यावर खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे रोज करावे. ओहोटीच्या वेळी पुळणीवरील ओल्या, घट्ट वाळूत चालावे. दम लागला की थांबावे आणि गरम चहावर फुंकर घालताना करतो तसे ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडावा. नुसत्या पेजेवर स्नायू भरत नाही. कुळथाचे पिठले, मासे, अंडी थोडी थोडी, दिवसातून अनेकदा द्यावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आहार आधी डॉक्टरांना विचारावा. छातीत दुखले, चक्कर आली किंवा ओठ निळसर दिसले तर व्यायाम तत्काळ थांबवून रुग्णास रुग्णालयात आणावे.