अर्ध्या थेंबाचा हिशेब

परभणीच्या काळ्या रानात सोयाबीन मळणीला आलेलं असतं. आभाळ भरून आलंय, मजूर ताडपत्री धरून उभे आहेत, आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर काळा धूर ओकायला लागतो. इंजिन लोड घेत नाही. मिस्त्री आवाज ऐकूनच सांगतो, ‘‘नोझल गेलंय.’’ मग सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं ते बोटभर लांबीचं नोझल फडक्यात गुंडाळून कुणीतरी मोटारसायकलवर सेलूला, जिंतूरला नाहीतर गंगाखेडला डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानी निघतं.

हे दुकान इतर गॅरेजसारखं नसतं. इथे धुळीला थारा नाही. नोझलकडे डिझेल ढकलणाऱ्या पंपाचा एलिमेंट, म्हणजे आतला दट्ट्या आणि त्याचं नळकांडं, यांच्यात जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची फट असते. माणसाचा केस तिच्या वीसपट तरी जाड. म्हणून सुटे भाग स्वच्छ डिझेलमध्ये धुतात आणि कापडाचा धागासुद्धा आत जाऊ देत नाहीत.

एवढी नाजूक जपणूक कशासाठी, ते एका हिशेबात कळतं. विहिरीवरचं पाच अश्वशक्तीचं, एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतं. दर दोन फेऱ्यांना एकदा डिझेल आत जातं, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा. पूर्ण लोडवर तासाला लिटरभर, फार तर थोडं जास्त डिझेल लागतं. भागाकार केला तर एका वेळी सुमारे २५ घन मिलिमीटर, पाण्याच्या थेंबाच्या निम्मं. हा अर्धा थेंब सेकंदाच्या चार-पाचशेव्या भागात, धुक्यासारखा बारीक होऊन तापलेल्या हवेत पसरायला हवा. त्यासाठी दाब लागतो सुमारे २०० बार, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास नव्वदपट.

रुडॉल्फ डिझेल यांच्या पहिल्या इंजिनांत इंधन दाबलेल्या हवेच्या झोतानं आत फुंकलं जाई. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे, म्हणून इंजिन अवजड राहिलं. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात इंधनपंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं आणि डिझेल इंजिन लहान होण्याची वाट मोकळी झाली. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली, १९५१ मध्ये बंगळुरूत बॉशशी जोडलेली मायको ही कंपनी. पुढे मायकोची नोझल्स नाशिकच्या सातपूरला बनू लागली. पुण्याचं इंजिन आणि नाशिकचं नोझल अशी जोडी मराठवाड्यातल्या विहिरींवर पोहोचली.

दुकानातलं मुख्य यंत्र म्हणजे नोझल टेस्टर: एक हातदांडा, दाबाचं घड्याळ आणि तेलाचं भांडं. कारागीर दांडा सावकाश दाबतो. काटा चढत जातो आणि ठरल्या आकड्याला नोझल ‘चर्र चर्र’ बोलतं. निरोगी नोझलची ती खूण. मग फवारा बघायचा: धुकं हवं, धार नको. शेवटी दाब थोडा कमी ठेवून दहा सेकंद थांबायचं. टोकाशी थेंब जमला की नोझलमधली सुई नीट बसत नाही, हे नक्की. या फवाऱ्यापुढे बोट कधीच धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठावा लागतो.

दाब ठरवते ती आतली स्प्रिंग. ती सैल झाली की नोझल लवकर उघडतं, थेंब जाड पडतात, काळा धूर येतो आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. जास्त आवळली तर इंधन उशिरा जातं आणि पंपावर ताण येतो. कुठे स्क्रू फिरवून, कुठे कागदासारखी पातळ चकती घालून कारागीर तो आकडा पुन्हा जुळवतो.

दाबाचा हा हिशेब पेट्रोल इंजिनालाही चुकत नाही. जपानच्या माझ्दा आरएक्स-७ या मोटारीत पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरे. तिची ताकद वाढवणारेही दाबापाशीच येऊन थांबतात. टर्बोनं हवा एक बार जास्त कोंबली, तर रेग्युलेटरनं पेट्रोलचा दाबही तेवढाच चढवावा लागतो. नाहीतर पेट्रोल कमी पडतं, अवेळी स्फोट होतो आणि रोटरच्या टोकावरची पट्टी तुटते. तिथे दाब हवेबरोबर हलता ठेवायचा, इथे स्प्रिंगच्या आकड्यावर धरून ठेवायचा.

१ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक नियम लागले. त्यांतल्या अनेकांत आता कॉमन रेल आहे: हजार बारच्या वरचा दाब आणि त्यावर संगणकाची नजर. त्यासाठी हातदांडा पुरत नाही. पण आपल्याकडच्या शिवारात बहुतेक ट्रॅक्टर पन्नासच्या आतले आहेत, आणि त्यांचं पोट अजून या कारागिरांच्या हातात आहे.

त्यांचं शेतकऱ्याला एकच सांगणं असतं: डिझेलचा कॅन उघडा ठेवू नका, फिल्टर वेळेवर बदला. पाणी आणि माती आत गेली नाही, तर नोझल अनेक हंगाम टिकतं. नोझल परत बसतं, पाईपमधली एअर काढली जाते, इंजिन दोनदा खोकून सुरू होतं. धूर निवळतो. पावसाच्या आत सोयाबीन पोत्यात पडतं.