बक्षीस कुणाला द्यायचं? टाटांच्या पद्धतीतून छोट्या दुकानाने काय घ्यावं

दिवाळी जवळ आली की आपल्यापैकी बरेच जण स्टाफला बोनसबरोबर एक ‘बेस्ट एम्प्लॉयी’ बक्षीस देतात. मीही द्यायचे. महिन्याचं बिलिंग बघायचं, सगळ्यात मोठा आकडा ज्याचा त्याला पाकीट. पाच मिनिटांत निकाल!

ही पद्धत किती महाग पडते ते मला उशिरा कळलं. म्हणून आज मोठा ग्रुप आपल्या कर्मचाऱ्यांच्या प्रोजेक्टना बक्षीस देताना निवड कशी करतो ते बघू. उदाहरण घेऊ टाटा ग्रुपचं.

मीठ आणि स्टील एका रांगेत कसं लावणार?

टाटा ग्रुपमध्ये २००६ पासून ‘टाटा इनोव्हिस्टा’ नावाची स्पर्धा सुरू झाली. ग्रुपच्या वेगवेगळ्या कंपन्यांमधल्या टीम आपापले प्रोजेक्ट घेऊन त्यात उतरतात. आता अडचण बघा. एक टीम स्टीलच्या कारखान्यातली, दुसरी सॉफ्टवेअरमधली, तिसरी घड्याळं बनवणारी. स्टीलवाल्यांनी भट्टीत थोडीशी बचत केली तरी आकडा कोटींत जाणार. मग नुसता फायदा मोजला, तर लहान कंपनीची टीम कायमच मागे!

म्हणून तिथे पहिली गोष्ट केली जाते, ती म्हणजे कॅटेगरी. जे काम प्रत्यक्ष अंमलात आलं आणि ज्याचा परिणाम दाखवता येतो, ते एका गटात. जे तंत्रज्ञान चांगलं दिसतंय पण अजून बाजारात आलेलं नाही, ते वेगळ्या गटात. पिकलेला आंबा आणि मोहोर यांना एकाच तराजूत टाकत नाहीत.

आणि एक गट मला सगळ्यात भारी वाटला. त्याचं नाव ‘डेअर टू ट्राय’, म्हणजे आपल्या भाषेत ‘करून तर बघ’. मनापासून, अभ्यास करून प्रयत्न केला, पण हवा तसा निकाल आला नाही, अशा टीमसाठी हे बक्षीस. हो, फसलेल्या प्रोजेक्टला बक्षीस! आणि तेही यशस्वी टीमच्याच कार्यक्रमात, सगळ्यांसमोर.

नुसता निकाल नाही, पद्धतही मोजा

टाटांकडे दुसरा एक सन्मान आहे, जे. आर. डी. टाटांच्या नावाचा. तो कर्मचाऱ्यांच्या टीमला नाही, अख्ख्या कंपनीला मिळतो. त्यामागची मोजपट्टी अमेरिकेतल्या ‘माल्कम बाल्ड्रिज’ मॉडेलवरून घेतलेली आहे. या मॉडेलमध्ये अनेक वर्षं एकूण १००० गुण असत. त्यातले ४५० निकालाला. उरलेले ५५० कशाला? काम कसं करता, ते सगळीकडे तसंच होतं का, त्यातून शिकता का, याला.

मी हे वाचलं तेव्हा थांबलेच. माझ्या दुकानात निकालाला शंभरपैकी शंभर होते.

अजून एक. तपासणारे लोक ग्रुपमधलेच, पण दुसऱ्या कंपनीतले असतात. त्यासाठी त्यांना रीतसर ट्रेनिंग दिलं जातं. साहेब स्वतःच्याच डिपार्टमेंटला मार्क देत नाही, त्यामुळे ‘साहेबांचा लाडका’ हा प्रश्न बराच कमी होतो.

माझ्या दुकानात काय झालं होतं

माझं स्टेशनरीचं दुकान. जूनमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो. एका वर्षी काउंटरवरचा एक मुलगा म्हणाला, “ताई, इयत्तेप्रमाणे वह्यांचे तयार सेट बांधून ठेवू या. पालकांना थांबावं लागणार नाही.” मी घाईत ‘हो’ म्हटलं. त्याने रात्री थांबून साठ सेट बांधले. नेमकी त्या वर्षी शाळेने यादी बदलली. निम्म्याहून जास्त सेट सोडावे लागले, वेळ गेला, काही वह्यांचे कोपरे दुमडले.

मी गिऱ्हाइकांसमोर त्याला बोलले, “कुणी सांगितलं होतं एवढं शहाणपण?” आणि त्याच दिवाळीला बक्षीस दिलं सगळ्यात जास्त बिलं फाडणाऱ्याला.

त्यानंतर दोन वर्षं दुकानात एकही नवी सूचना आली नाही. मला वाटायचं, आपल्या पोरांना डोकंच चालवायचं नाही. खरं तर त्यांनी डोकं चालवलं होतं. ‘ताईकडे काय केलं की बोलणी बसतात’ हे ते बरोबर शिकले होते!

चार माणसांच्या दुकानात हे कसं करायचं?

मग मी पद्धत बदलली. तुम्हालाही जमेल, खर्च फार नाही.

१. बक्षिसं दोन, रक्कम सारखी. एक ‘जमलेलं काम’, एक ‘करून बघितलेलं काम’. मी दोन्हींना दीड-दीड हजार ठेवते. फसलेल्याला कमी दिलं, तर ते बक्षीस न राहता सांत्वन होतं.

२. मार्क आधीच भिंतीवर लावा. माझे शंभर असे: गिऱ्हाइकाची खरी अडचण ओळखली का, ३०, प्रत्यक्ष करून बघितलं का, ३०, वहीत नोंद ठेवली का, २०, काय शिकलो ते दुसऱ्याला सांगता येतं का, २०. दिवाळीच्या आठवड्यात नाही, वर्षाच्या सुरुवातीलाच लावा.

३. मार्क देणारा बाहेरचा. शेजारचे दुकानदार आणि एक जुनं गिऱ्हाईक, बस्स. चहा-फराळावर काम होतं. मी मार्क देत नाही.

४. फसणं आणि हलगर्जीपणा वेगळे ठेवा. गल्ल्याचा हिशोब चुकला, माल भिजला, याला ‘प्रयत्न’ म्हणत नाहीत. आधी सांगितलेलं हवं, खर्चाची मर्यादा ठरलेली हवी, नोंद हवी. माझी मर्यादा एका प्रयोगाला दोन हजार. तुमची तुम्ही ठरवा.

आणि त्या सेटचं?

जुन्या वह्या आवरताना त्या मुलाची नोंदवही सापडली. शेवटच्या पानावर त्याने लिहून ठेवलं होतं: ‘आधी शाळेतून यादी आणावी. पैसे भरले त्यांचेच सेट बांधावे.’ उत्तर त्याच्याकडे तेव्हाच होतं. मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या जूनला तसंच केलं. अ‍ॅडव्हान्स घेऊन सेट बांधले, एकही सोडावा लागला नाही. पण तो मुलगा तोवर दुसरीकडे कामाला लागला होता. मी फोन करून सांगितलं, “तुझी आयडिया चालली रे.” तो हसला, म्हणाला, “बरं झालं ताई.” परत ये म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

या दिवाळीला पाकीट भरायच्या आधी एक काम करा. वर्षभरात तुमच्या दुकानात कुणाचा कोणता प्रयत्न फसला, ते कागदावर लिहा. आणि त्या माणसाला शांतपणे विचारा, “यातून तुला काय कळलं?” उत्तर वहीत उतरवून घ्या. यादी कोरीच राहिली, तर मात्र स्टाफकडे बोट दाखवू नका. आपण बक्षीस कशाला देतोय, ते तपासा.