दारू सोडायची मीटिंग: शोधायची कशी आणि फोनवर विचारायचं काय?

आजचा भाग ऐकून सोडून देण्यापेक्षा सेव्ह करून ठेवण्यासारखा आहे, म्हणून हे लिखित रूप जरा नीट आवरून देतोय.

विषय असा: घरातलं कुणी दारूत अडकलं असेल, तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे 'एए'ची मीटिंग शोधायची कशी? माझ्या मामासाठी मी हे केलं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. पिणारा माणूस "बरं, येतो" म्हणतो ती वेळ फार थोडी असते. एखादी संध्याकाळ, कधी तर तासभरच. तेव्हा तुम्ही मोबाईल काढून शोधत बसलात, किंवा जुन्या पत्त्यावर जाऊन शाळेच्या बंद गेटसमोर उभे राहिलात, तर तो पुन्हा कधी हो म्हणेल याचा भरवसा नाही. म्हणून माहिती आधी गोळा करायची आणि तपासून ठेवायची.

आधी एए म्हणजे काय ते थोडक्यात. १९३५ साली अमेरिकेत, ओहायोतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोघं भेटले. दोघंही दारूने पार खचलेले. दुसऱ्या पिणाऱ्याशी मोकळं बोललं की आजचा दिवस न पिता निघतो, हा त्यांचा अनुभव. त्यातून हे सगळं उभं राहिलं. भारतात एए १९५७ पासून आहे. फी नाही. सभासद व्हायला अट एकच: दारू सोडायची इच्छा. खर्च सभासद आपापसात ऐच्छिक वर्गणी काढून भागवतात, बाहेरची देणगी घेत नाहीत.

आता शोधायचं कसं? एएच्या भारतातल्या वेबसाइटवर शहरानुसार मीटिंगची यादी आणि फोन नंबर मिळतात. पण मी सॉफ्टवेअरवाला आहे, यादी दिसली की पहिला प्रश्न पडतो: ही अपडेट कधी झाली? मीटिंग चालवणारे स्वयंसेवक असतात, जागा बहुतेक वेळा मागून घेतलेली असते. शाळेला सुट्टी लागली की वार किंवा जागा बदलू शकते. म्हणून फोन करायचाच. आणि हे विचारायचं:

एक, या आठवड्यात मीटिंग नक्की आहे का, किती वाजता, कुठल्या दाराने आत यायचं?

दोन, ओपन आहे की क्लोज्ड? क्लोज्ड मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते. ओपनला घरचे लोकही बसू शकतात. सोबत जायचं असेल तर हे आधी माहीत हवं.

तीन, भाषा कुठली? मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या मीटिंग असतात. ज्या भाषेत माणूस घरी भांडतो, त्या भाषेतली मीटिंग शोधा.

चार, पहिल्यांदा येणाऱ्याला दारात कुणी भेटेल का?

मी फोन केला तेव्हा पलीकडच्या काकांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तुमचं झालं, आता मामांनाच फोन द्या." मामा अर्धा तास बोलत होता. काय बोलले ते मी विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी तो स्वतः चप्पल घालून तयार झाला. मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये होती, तेव्हा मामीची शंका, "हे ख्रिश्चन लोकांचं आहे का गं बाई?" तर नाही. हॉल फक्त जागेपुरता. एए कुठल्याही धर्माशी बांधलेली नाही. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असं नाही. नुसतं ऐकलं तरी चालतं. पूर्ण नाव कुणी विचारत नाही, आणि तिथे ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही हा रिवाज आहे.

तो यायलाच तयार नसेल तर? मग तुम्ही जा. अल-अनॉन हे पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी आहे, आणि किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन. घरचा माणूस अजून पीत असला तरी तिथे जाता येतं.

एक धोक्याची गोष्ट, ही वगळू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असे त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत होऊ शकतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. मीटिंगमध्ये डॉक्टर नसतो. आधी डॉक्टरांना दाखवा. फिट आली किंवा माणूस बरळायला लागला तर थेट दवाखाना. दाखल व्हायची गरज असेल तर व्यसनमुक्ती केंद्र लागतं. पुण्यातलं मुक्तांगण डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलं, ते बऱ्याच जणांना माहीत असेल. केंद्रातून घरी आल्यावर मीटिंग सुरू ठेवणं हे पुढचं काम.

दोन नंबर लिहून घ्या: व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक आधारासाठी टेलिमानस १४४१६.

तर मंडळी, आज घरी कुणी हो म्हटलेलं नसेल, तरी एक फोन करून ठेवा. वार, वेळ, पत्ता कागदावर लिहा आणि फ्रीजवर नको, स्वतःच्या पाकिटात ठेवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!