पावलाखालचे गणित

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटते तेव्हा घरी निघालेल्या कामगारांच्या पावलांकडे एकदा नीट पाहा. आधी टाच टेकते, मग तळवा; नंतर टाच उचलली जाते आणि सारा भार चवड्यावर येतो.

या क्षणी पाऊल म्हणजे एक तरफच! समजा, ४५ किलो वजनाचा मुलगा एका चवड्यावर उभा आहे. घोट्याच्या सांध्यापासून चवडा १२ सेंटिमीटर पुढे आणि टाचेमागची जाड कंडरा ५ सेंटिमीटर मागे आहे, असे धरू. तरफेच्या नियमाने कंडरेवरील ताण ४५ × १२ ÷ ५, म्हणजे १०८ किलो येतो. घोट्यावर दोन्हींची बेरीज, १५३ किलो! (बल खरे तर न्यूटनमध्ये मोजावे, येथे किलोभारावर भागवू.)

पावलात २६ हाडे असतात. आपण त्यांची एकच काठी केली. कंडरेचा ताण काढायला ती पुरते. पण तळव्याला जखम कोठे होईल, हे ती सांगू शकत नाही. तेथे दाब पाहावा लागतो. ४५ किलो भार ३० चौरस सेंटिमीटरांवर पसरला, तर दाब दीड किलो. एखादे हाड खाली येऊन तोच भार ५ चौरस सेंटिमीटरांवर पडला, तर ९ किलो!

तुम्हाआम्हाला अशा वेळी दुखते आणि आपण नकळत लंगडतो. कुष्ठरोगाने किंवा जुन्या मधुमेहाने पाय बधिर झालेला माणूस मात्र त्याच जागेवर हजारो पावले टाकत राहतो. कुष्ठरोग्याचे मांस आपोआप झडते, असा पूर्वी समज होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ साली आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की बहुतेक जखमांचे मूळ या बधिरपणात आहे. म्हणून अशा रुग्णांना सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला देतात. रबर दबते, क्षेत्रफळ वाढते, दाब उतरतो.

आता दाबमापक पट्टीवरून चालवून तळव्याचा नकाशा काढता येतो. ऑक्सफर्डच्या प्रतिमानात नडगी, पावलाचा मागचा भाग, पुढचा भाग आणि अंगठा असे वेगळे तुकडे धरतात. त्वचेवर चिकटवलेल्या खुणा कॅमेरे टिपतात आणि संगणक प्रत्येक तुकड्याचा कोन काढतो. मेंदूच्या पक्षाघाताने चाल बिघडलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया ठरवताना अशी मोजमापे उपयोगी पडतात.

बधिर पायाच्या रुग्णासाठी कारागीर नकाशातील जास्त दाबाच्या जागी तळ खोलगट करतो; भार शेजारी सरकतो. मात्र रोज रात्री आरसा धरून तळवा तपासण्याचे काम रुग्णालाच करावे लागते.